खामगावचे बारदान

खामगावच्या बाजाराचा इतिहास कापसाच्या भावावरून आणि गाठींच्या संख्येवरून लिहिला जातो. पण ज्या बारदानात हा माल भरला गेला, त्याची दखल सहसा घेतली जात नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे मोर्चा वळवला, आणि १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव हा लोहमार्ग खुला झाला. त्यानंतरची शंभरएक वर्षे या बाजारावर बंगालच्या तागाचे, म्हणजे गोणपाटाचे, राज्य होते.

हे राज्य डळमळीत करणारा पदार्थ इटलीत जन्मला. मिलानमध्ये जुलिओ नाता यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रोपिलीन तयार केले. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते वडोदऱ्यात बनू लागले. त्याच्या विणलेल्या पोत्यांतून खत गावोगाव पोहोचले, आणि रिकामे झालेले पोते शेतकऱ्याच्या घरी कापूस भरण्यास हाताशी आले. धान्य आणि साखर तागातच भरण्याची सक्ती करणारा १९८७ चा कायदा या फुकटच्या बारदानाला अडवू शकत नव्हता.

हे पोते वरकरणी कापडासारखे दिसत असले तरी त्यात सूत नसते. पॉलिप्रोपिलीन वितळवून त्याची पातळ फिल्म काढतात, ती पाण्यात थंड करून तिच्या अरुंद पट्ट्या कापतात आणि पट्ट्या तापवून मूळ लांबीच्या पाच-सात पट ताणतात. ताणामुळे लांब रेणू एकाच दिशेने ओळीत येतात व पट्टी लांबीच्या दिशेने मजबूत होते. पण आडव्या दिशेने रेणूंना धरून ठेवणारे बंध दुबळेच राहिल्याने ती बांबूच्या कामटीप्रमाणे उभी चिरते. हे चिरणे कमी व्हावे म्हणून त्यात चुनखडीची बारीक पूड किंवा थोडे पॉलिथिलीन मिसळतात. हे पॉलिथिलीन पॉलिप्रोपिलीनमध्ये विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म थेंब होतात आणि वितळलेला रस साच्याच्या फटीतून खेचला जाताना ते थेंब धाग्यासारखे लांबतात. केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी १९३४ मध्ये दाखवले होते की घासल्यासारख्या प्रवाहात घट्ट थेंब नुसताच गरगरतो, पण ओढणाऱ्या प्रवाहात तो लांबत जाऊन तुटतो. लांबलेला धागा द्रवात फार काळ टिकत नाही, पृष्ठताणामुळे त्याचे मण्यांसारखे तुकडे पडतात. मात्र त्याआधीच फिल्म पाण्यात गोठली, तर तो आहे त्याच आकारात अडकून राहतो. पोत्याचा पोत असा क्षणभराच्या शर्यतीत ठरतो.

मिश्रणाने चिरणे लांबते, टळत नाही. उन्हात कुजलेल्या जुन्या पोत्याच्या पट्ट्या तंतू-तंतू होऊन सुटतात आणि कापसात मिसळतात. रेच्यातून व पिंजणीतून ते आणखी बारीक होतात आणि पॉलिप्रोपिलीन रंग धरत नसल्याने अखेर रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने उघड होतात. ज्या ताणाने पोत्याला बळ आले, तोच ताण गिरणीत दोष म्हणून मोजला जातो. २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत या भेसळीचा बंदोबस्त हा एक हेतू होता. सध्या कृषी खाते वेचणीसाठी सुती कापडाच्या पिशव्या वापरण्यास सांगते, म्हणजे वेचणाऱ्या बाया कमरेला बांधतात त्या कापडी ओटीचेच ते मोठे रूप आहे.