शिरेतील भूल व ग्रामीण शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक आढावा

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव धारण करणारे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे १९७४ साली स्थापन झाले. खेड्यातील रुग्णास दूरच्या शहराकडे धाव घ्यावी लागू नये, ही अशा संस्थांमागील भूमिका होय. या भूमिकेस भूलशास्त्राची साथ कशी लाभली, याचा येथे मागोवा घेतला आहे.

मृदू ऊतींच्या गाठींचे उदाहरण पाहू. त्वचेखालील चरबीची लहान गाठ जागा बधिर करून काढता येते; स्नायूत खोल गेलेल्या मोठ्या गाठीस मात्र बहुधा संपूर्ण भूल लागते. १९३४ पासून वापरात आलेले थायोपेंटोन शुद्ध हरपवते, परंतु वेदना शमवीत नाही आणि श्वसन मंदावते. १९६४ साली मानवावर प्रथम वापरलेल्या केटामाइनने वेदनाही शमते आणि श्वसन बहुधा चालू राहते. म्हणूनच अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयांत ते आधार ठरले. जागे होताना होणारे भास व वाढणारा रक्तदाब या त्याच्या मर्यादा होत. १९८६ नंतर प्रचारात आलेल्या प्रोपोफॉलने रुग्ण लवकर सावध होतो. मात्र रक्तदाब व श्वसन घटत असल्याने प्राणवायू आणि सतत देखरेख अपरिहार्य ठरते.

गैरवापरामुळे भारताने २०१३ साली केटामाइन 'अनुसूची एक्स'मध्ये समाविष्ट केले. ग्रामीण शस्त्रक्रियेच्या गरजेकडे लक्ष वेधून जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१५ साली त्यावरील आंतरराष्ट्रीय निर्बंधास विरोध दर्शविला. सारांश, औषधाचे मूल्यमापन करताना ते कोठे वापरले जाणार, हा प्रश्न गौण मानता येत नाही.