जपानी मोजणी आणि मराठी पाढे

मराठी मुलखांत मोजण्याची रीत एकच कधीं नव्हती. धाराशिव जिल्ह्यांतील भूम हें बालाघाटच्या डोंगरांतील तालुक्याचें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. तेथून दक्षिणेस थोड्याच कोसांवर असलेली बार्शी मात्र ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यांत. १८९७ सालीं बार्शीस आगगाडी आली आणि त्या पेठेचें महत्त्व वाढलें. पण मधली सीमा ओलांडली कीं रुपया बदलत असे. संस्थानचा तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. सहा कलदारांस सात हाली पडत. म्हणजे एका कलदाराचा हिशेब एक रुपया, दोन आणे, आठ पै हाली असा होई. ज्याला तो तोंडीं करतां येत नसे त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागे. त्यांतच पंचांगांत शक, संस्थानच्या सरकारी कागदावर फसली सन आणि कलदार नाण्यावर इसवी सन. फसली सनांत महिन्याप्रमाणें ५९० किंवा ५९१ मिळवावे तेव्हां इसवी सन निघे. दोन रुपये आणि तीन सन मनांत बाळगून वावरणें हें या टापूंतील व्यवहारी माणसाचें नित्याचें काम होतें.

अशा मराठवाड्यांतील मुलांनीं जपानी अंक शिकावयास घ्यावेत, यांत म्हणून फारसें नवल नाहीं. छत्रपती संभाजीनगर, तेव्हांच्या औरंगाबाद, जिल्ह्यांत गाडीवाट नांवाचें खेडें आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेनें २०१९ सालीं मुलांना एक परकी भाषा निवडावयास सांगितलें, तेव्हां यंत्रमानव व तंत्रविद्या यांच्या ओढीनें बहुतेकांनीं जपानी निवडली. भाषा शिकणारा आरंभींच एक ते दहा म्हणूं लागतो आणि आपल्याला मोजतां आलें असें समजतो. जपानीच्या बाबतींत हा समज निम्मा खरा आहे. आणि उरलेला निम्मा कां खोटा, हें पाहूं गेल्यास मराठी मोजणीसंबंधीं कांहीं वर्षांपूर्वीं झालेल्या एका वादावरहि प्रकाश पडतो.

आधीं खरा भाग घ्यावा. इचि, नि, सान, योन, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, जू हे जपानी भाषेंतील एक ते दहा. अकरा म्हणजे जू-इचि, दहा-एक. वीस म्हणजे नि-जू, दोन-दहा. पंचवीस म्हणजे नि-जू-गो आणि नव्याण्णव म्हणजे क्यू-जू-क्यू. दहा शब्द पाठ झाले कीं नव्याण्णवपर्यंतची वाट मोकळी होते. मराठी मुलाला ही सवलत नाहीं. दोन हा अंक बावीसांत ‘बा’ होतो, बत्तिसांत ‘ब’, बेचाळिसांत ‘बे’ आणि ब्याऐंशींत ‘ब्या’. एकोणीस म्हणजे एकानें उणे वीस, हा न्याय एकोणनव्वदपर्यंत चालतो. परंतु शंभराच्या दाराशीं येतांच तो मोडतो आणि नव्याण्णव पुढें येतो. संस्कृतांतील द्वाविंशति, द्वात्रिंशत् हे जोडशब्द स्वच्छ होते. प्राकृतांतून मराठींत येतां येतां त्यांचे सांधे इतके झिजले कीं आज प्रत्येक संख्येचें नांव निराळें पाठ करावें लागतें.

दुसरी अडचण क्रमाची. पंचवीस म्हणतांना पांच आधीं उच्चारले जातात, लिहितांना मात्र दोनाचा आंकडा आधीं येतो. म्हणून पंचवीस ऐकून ५२ लिहिणारें मूल प्रत्येक शाळेंत भेटतें. जपानींत दशक आधीं व एकक मागून. धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपलीकडील कन्नडहि ‘इप्पत्तैदु’, म्हणजे वीस-पांच, असेंच म्हणते. याच अडचणीवर तोडगा म्हणून जून २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत रूढ नांवांसोबत ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत छापली गेली. गणित समितीच्या अध्यक्षा विदुषी मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनीं व उलट्या क्रमानें लहान मुलें गणितालाच भितात, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा. पिढ्यान्‌पिढ्यांचे शब्द यामुळें नष्ट होतील, हा विरोधकांचा. वाद वर्तमानपत्रांतून थेट विधिमंडळापर्यंत गेला.

जपानी लोकांवर असाच प्रसंग शेंकडों वर्षांपूर्वीं येऊन गेला आहे, आणि येथेंच उरलेला निम्मा भाग सुरू होतो. इचि-नि-सान हे शब्द मूळचे जपानी नव्हत. चिनी लिपी व विद्या कोरियाच्या वाटेनें जपानांत गेली, तिच्याबरोबर ते गेले. त्यांच्या आधींची देशी मोजणी हितोत्सु, फुतात्सु, मित्सु अशी होती. तिच्यांत एक मौज आहे: ‘मि’ तीन तर ‘मु’ सहा, ‘यो’ चार तर ‘या’ आठ, स्वर पालटला कीं संख्या दुप्पट होते. नियमबद्ध परकी मोजणी आल्यावर जपान्यांनीं तिला घरांत घेतलें आणि देशी मोजणीलाहि घराबाहेर काढलें नाहीं. दोन्ही आज एकत्र नांदतात. दुकानांत सुटी फळें मागतांना हितोत्सु-फुतात्सु चालतें, आणि पैसे मोजतांना इचि-नि.

शिकणाराची खरी कसोटी पुढेंच आहे. जपानींत अंक एकटा वस्तूजवळ जात नाहीं. वस्तूच्या जातीप्रमाणें त्याच्यामागें एक मोजशब्द लागतो. पेन्सिल, छत्री, बाटली अशा लांबट वस्तूंना ‘होन’, कागदासारख्या पातळ वस्तूंना ‘माइ’, पुस्तकांना ‘सात्सु’, मांजरासारख्या लहान प्राण्यांना ‘हिकि’, गाई-घोड्यांना ‘तो’. त्यांतहि उच्चार बदलतात: एक पेन्सिल इप्पोन, दोन निहोन, तीन साम्बोन. मराठी विद्यार्थ्याला हें प्रथम विचित्र वाटतें. पण त्याच्याच घरांत याचा नमुना आहे. मराठी माणूस ‘दोन आंबे’ म्हणतो, मात्र भावांना ‘दोघे’ आणि बहिणींना ‘दोघी’ म्हणतो. तिघे, चौघे येथपर्यंत ही निराळी मोजणी चालते आणि पुढें ‘पांच जण’ सुरू होतात. जपानींतहि एकटा तो हितोरि, दोघे ते फुतारि, आणि तिसऱ्यापासून ‘निन’ हा मोजशब्द लागून सान-निन. माणसें वस्तूंप्रमाणें मोजूं नयेत, ही जाणीव दोन्ही भाषांनीं जपली आहे.

तारखांचेंहि तसेंच. जपानानें १ जानेवारी १८७३ पासून पाश्चात्य पंचांग स्वीकारलें, तरी महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांचीं नांवें जुनींच राहिलीं. पहिल्या दिवसाचें ‘त्सुइताचि’ हें नांव चंद्राच्या नव्या उदयाचें स्मरण ठेवून आहे. मराठी घरांतील पाडवा, बीज, तीज, चौथ हीं नांवें याच जातीचीं. सन मोजण्याची रीत तर फसली सनाची आठवण करून देते: जपानांत सम्राटाच्या कारकीर्दीप्रमाणें नवा सन सुरू होतो, आणि २०१९ मध्यें सुरू झालेल्या रेइवा सनांत २०१८ मिळवावे तेव्हां इसवी सन येतो.

मोठ्या संख्यांना आपल्याकडे हजारानंतर लाख व कोटि या पायऱ्या. जपानांत दहा हजारांचें एक ‘मान’. एक लाख म्हणजे दहा मान, आणि दहा कोटींचें एक ‘ओकु’. त्याहून वर गेल्यास मात्र ओळखीचीं माणसें भेटतात. १६२७ सालीं योशिदा मित्सुयोशि यानें ‘जिन्कोकि’ नांवाचें अंकगणित प्रसिद्ध केलें. घरोघर गेलेल्या त्या पुस्तकांत सोरोबान या मणिचौकटीवर हिशेब कसा करावा हें शिकविलें आहे. त्यांतील प्रचंड संख्यांच्या नांवांत ‘गोगाशा’, म्हणजे गंगेची वाळू, ‘आसोगि’, म्हणजे असंख्येय, आणि ‘नायुता’, म्हणजे नयुत, अशीं नांवें आहेत. बौद्ध ग्रंथांबरोबर तीं भारतांतून चीनमार्गें तेथवर पोंचलीं.

पाढ्यांचें साम्यहि लक्षांत घेण्याजोगें आहे. जपानी पाढ्यांना ‘कुकु’, म्हणजे नऊ-नऊ, असें नांव आहे. कारण प्राचीन काळीं त्यांचा आरंभ नऊ नव्वे एक्यायशींपासून होई. आठव्या शतकाच्या सुमाराच्या लांकडी पट्ट्यांवर ते लिहिलेले सांपडले आहेत. ‘बे त्रिक सहा’ याच थाटांत जपानी मूल ‘नि-सान गा रोकु’ म्हणतें. मात्र कुकु नवांशीं थांबतें. मराठी पाढे तिसांपर्यंत जात आणि शिवाय पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, औटकी यांची शिदोरी असे. कारण सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण यांचे हिशेब पाव-निम्म्याशिवाय होत नसत. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, १९५९ सालीं हाली रुपयाहि कायमचा गेला, पाठोपाठ किलो आला. आणि अपूर्णांकांचे पाढे शाळेंतून हळूहळू मागें पडले. व्यवहार सुटला कीं शब्दहि सुटतात.

जपानच्या उदाहरणांतून निघणारा बोध दोन्ही पक्षांनीं ऐकण्यासारखा आहे. नियमबद्ध मोजणी आल्यानें जुनी मोजणी मरतेच असें नाहीं. हितोत्सु-फुतात्सु अजून जिवंत आहेत. पण ते जिवंत राहिले ते रोजच्या तोंडांत राहिले म्हणून, आणि तेहि मुख्यतः दहापर्यंतच. दहाच्या पुढील देशी शब्द बहुतेक लोपले. वयाच्या विसाव्या वर्षाला ‘हाताचि’ आणि विसाव्या तारखेला ‘हात्सुका’ म्हणतात, तेवढे अवशेष उरले. तेव्हां दुसरींतील मुलाला ५२ व २५ यांतील फरक कळण्यासाठीं ‘वीस पांच’ ही पायरी शिक्षकानें अवश्य वापरावी. पंचवीस, त्र्याहत्तर, नव्याण्णव हे शब्द टिकविण्याचें काम मात्र कोणत्याहि क्रमिक पुस्तकाचें नाहीं. घरांत भाजीचा हिशेब, आजोबांचें वय, मोटारीचा क्रमांक हे ज्या भाषेंत बोलले जातील, त्या भाषेंतील अंक राहतील. भूमच्या जुन्या व्यवहारी माणसानें दोन रुपये एकाच डोक्यांत नीट सांभाळले. त्याच्या पणतवंडांना दोन मोजण्या जड जाण्याचें कारण नाहीं.