पाटणचा मठ आणि भेस्तानचा विद्यार्थी

सुरतेजवळील भेस्तानच्या परिसरात खानदेशातून येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत. अशा घरातील अकरावीचा विद्यार्थी ज्या-कोज्या, म्हणजे साइन-कोसाइन, घोकीत बसला की त्याच्या मनात येते, 'कलनशास्त्र पुढे शिकावयाचे; मग आधी हे ओझे कशासाठी?'

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या मूळ प्रांताच्या इतिहासातच आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. चंद्राची गती दिवसभरही सारखी राहत नाही. मग अमुक क्षणी ती किती, हे कसे काढावे? कोन किंचित वाढला असता ज्येत पडणारा फरक कोज्येच्या प्रमाणात असतो, हे जाणून त्यांनी 'तात्कालिक गती' साधली. न्यूटन व लायब्निट्स यांनी कलनाचे व्यापक शास्त्र उभारले ते पाच शतकांनंतर. भास्कराचार्यांजवळ ते शास्त्र नव्हते. त्याचे बीज मात्र होते.

ही विद्या टिकावी म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. पुढे एकोणिसाव्या शतकात बाळशास्त्री जांभेकरांनी 'शून्यलब्धि' लिहून पाश्चात्त्य कलन मराठीत आणले.

तेव्हा आपले मूल त्रिकोणमितीला कंटाळले, तर त्याजवर रागावू नये. पाटणची ही हकीकत सांगावी. घोकणे क्षणभर बाजूस ठेवून, कोन थोडा वाढविल्यास ज्या किती वाढते, हे त्याने एकदा स्वतः मोजून पाहावे. कलनाचा पहिला धडा तेथेच आहे.