लष्करातले वंशवृक्ष

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मी बरीच वर्षे इतिहास शिकवला. सातवीच्या मुलांना दरवर्षी एक काम देत असे : आजीला विचारून आपल्या घराण्याचा वंशवृक्ष काढा. मराठी मुलांच्या वह्या बहुधा एकाच ठिकाणी सुरू होत. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे तळ दिला, त्या फौजेबरोबर खापरपणजोबा आले. कुणी सातारा लिही, कुणी वाई, कुणी नुसतेच 'दक्षिण'.

पुराव्यासाठी लांब जावे लागत नसे. छावणीचे शहर झाले, नावे छावणीचीच राहिली : शिंदे की छावनी, चितनीस की गोठ, आपटे की पायगा. ही 'गोठ' म्हणजे आपला गोटच असावा. रोज त्या गल्लीतून येणाऱ्या पोराला मात्र पायगा म्हणजे घोड्यांची पागा, हे ठाऊक नसे. घरातले कागद मोडीत, ते वाचणारे आजोबा गेलेले. मग आजीच्या कुळाचारावरच भिस्त. आणि गंमत अशी, की सगळे सांगणाऱ्या आजीचे माहेर झाडावर कुठेच नसे. माझ्या नमुन्यातच तिला जागा नव्हती.

दुसरी चूक एका मुलीने दाखवली. घर बुंदेली बोलणारे. म्हणाली, "सर, आपकी फौज आई तब हम तो यहीं थे. हम क्या लिखें?" मी गप्पच झालो. मानसिंह तोमराचा किल्ला वर्गाच्या खिडकीतून दिसत होता आणि मी इतिहास १८१० पासून मोजत होतो!

पुढल्या वर्षी फळ्यावर निराळे झाड काढले. हस्सूखाँ, त्यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडे ग्वाल्हेरला येऊन शिकलेले, मिरजेजवळच्या बेडगचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि त्यांचे शिष्य कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तुम्हां सीमाभागातल्या वाचकांना ही गावे परकी नाहीत. मुलांना नवल वाटले ते याचे, की या झाडात रक्ताचे नाते एकही नव्हते. फाळणीत इकडे आलेल्या एका पंजाबी घरातला मुलगा लाहोरचे नाव ऐकून ताठ बसला. त्याचे आजोबा तिथले.

ती मुलगी तेव्हा आठवीत गेली होती. मधल्या सुट्टीत वही घेऊन आली. झाडाच्या मुळाशी नाव नव्हते, विहीर काढली होती. "दादी कहती हैं, यह कुआँ हमारे घर का खुदवाया हुआ है." वरच्या फांद्यांवर दोन्ही आज्यांची माहेरे लिहिली होती.