बसणारे शब्द आणि पेरणारा शब्द

पेडण्यात विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय असो की डिचोली तालुक्यातले साखळीचे सरकारी महाविद्यालय, फलकावर ‘चर्चासत्र’, पत्रिकेत ‘परिसंवाद’ आणि बोलताना सर्रास ‘सेमिनार’. यांची कुळे मात्र निराळी.

‘सत्र’ मूळचे ‘सत्त्र’. त्यातला एक त् आपण गिळला आणि सद्, म्हणजे बसणे, हा धातूही दिसेनासा झाला. बरेच दिवस चालणारा सोमयाग म्हणजे सत्त्र. नैमिषारण्यातले शौनकाचे सत्र बारा वर्षांचे; तिथे उग्रश्रवा सौती येतो आणि महाभारत सांगतो. पाहुण्या व्याख्यात्याचे इतके लांबलेले व्याख्यान दुसरे नसावे. परिषद, उपनिषद ही याच धातूची लेकरे. इंग्रजी ‘सेशन’मागचा लॅटिन धातूही सद्‌चा सख्खा भाऊ, तेव्हा ‘सत्र न्यायालय’ घडवणाऱ्याने नकळत सगोत्र विवाहच लावला असे दिसते. फारसीमार्गे आलेली ‘मजलस’सुद्धा अरबीत बसण्याचीच जागा. विद्वान म्हटला की तो बसलेला, याबद्दल तिन्ही भाषांचे एकमत!

‘चर्चा’ अधिक मिश्कील. वेदपठणात पद पुन्हा उच्चारणे ती चर्चा, आणि अंगाला चंदन फासणे तीही चर्चा. तेच ते पुन्हा म्हणायचे आणि वर एकमेकांना उटी लावायची: काही सत्रांना दोन्ही अर्थ आजही लागू पडतात.

‘सेमिनार’ मात्र बसत नाही, पेरतो. लॅटिन ‘सेमेन’ म्हणजे बी. ‘सेमिनारियुम’ म्हणजे रोपांचा वाफा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये पाद्री घडवणाऱ्या शाळांसाठी हा शब्द योजला. गोव्यात तो पोर्तुगिजांबरोबर आला तो याच अर्थाने, आणि सासष्टीत रायतूरच्या पाद्रीशाळेत आजही तोच अर्थ नांदतो. पुढे जर्मन विद्यापीठांनी त्यातला पाद्री काढून टाकला. १८३० च्या दशकात इतिहासकार रांके बर्लिनला आपल्या घरी विद्यार्थ्यांना जुनी साधने पारखायला बसवू लागला, तिथून इतिहासाचा सेमिनार. पेडण्यात पोचला तो हा दुसरा, इंग्रजीमार्गे. पेडणे पोर्तुगिजांकडे गेले १७८८ मध्ये, म्हणजे नव्या काबिजादीत, उशिरा हाती आलेल्या मुलखात. त्यामुळे पहिला अर्थ इकडे फारसा रुजला नसावा. (काबीज, कब्जा आणि हिंदीतले पोटाचे ‘कब्ज’, तिन्ही एकाच अरबी धातूची. घट्ट धरून ठेवणे!)

सेमिनारियुमचे बिऱ्हाड आपल्याकडे पूर्वीपासून आहेच. पावसाच्या तोंडावर शेताच्या एका तुकड्यात भात दाट पेरतात. रोपे वीतभर झाली की उपटून, जुड्या बांधून, चिखलात अंतर राखून लावतात. तो ‘तरवा’, बोलीत ‘तरवो’. ‘तरु’शी नाते असावे. चर्चासत्राला तरवा म्हणा असा आग्रह नाही. कुलगुरू ऐकायचे नाहीत. पण तरवा पेरायच्या त्या तुकड्याला मांद्रे, पालये, मये, साळ इकडे काय म्हणतात, ते तिथल्या जाणत्यांनी अवश्य कळवावे.