न्यूरोसायन्सची पदवी कर्ज काढून करावी का? टेंभुर्णीच्या घरातून मांडलेला हिशोब

बारावीचा निकाल लागतो, नीटमध्ये मार्क थोडे कमी पडतात आणि मग 'डॉक्टरकीच्या जवळचं' काहीतरी शोधणं सुरू होतं. या शोधात हल्ली एक नाव वारंवार समोर येतं, ते म्हणजे बी.एस्सी. न्यूरोसायन्स. मेंदू, स्मरणशक्ती, एआय असे शब्द माहितीपत्रकात असतात. फी मात्र साध्या बी.एस्सी.च्या कितीतरी पट असते.

टेंभुर्णी, माढा, करमाळा या पट्ट्यातल्या अनेक घरांचं मुख्य उत्पन्न ऊस आहे. अशा घरानं या पदवीसाठी कर्ज काढावं का, हे समजून घेऊ.

ही पदवी नेमकी कशाची?

न्यूरोसायन्स म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेचा अभ्यास. त्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, मानसशास्त्र आणि संगणक असं सगळं येतं.

पण ही पदवी घेऊन न्यूरोलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी एमबीबीएस, मग एमडी आणि त्यानंतर डीएम असा रस्ता आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. रुग्णालयात ईईजीसारख्या तपासण्या करणाऱ्या तंत्रज्ञांचं प्रशिक्षणही वेगळं असतं. थोडक्यात, या पदवीला थेट जोडलेला परवाना किंवा ठरावीक नोकरी नाही. ही संशोधनाकडे जाणारी पहिली पायरी आहे.

पदवीनंतर कमाई कधी सुरू होते?

फक्त पदवीवर मिळणारी कामं बहुतेक कोणत्याही जीवशास्त्र पदवीधराला मिळतात तीच असतात: औषध कंपनीत किंवा क्लिनिकल ट्रायलमध्ये सुरुवातीची जागा, प्रयोगशाळेत सहायक, वैद्यकीय लेखन, मेडिकल कोडिंग. या जागांसाठी झूऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि बी.फार्म. झालेली मुलंही रांगेत असतात. पगार ठरवताना कंपनी सहसा तुमच्या फीचा आकडा विचारत नाही.

खरी वाट पुढे आहे. एम.एस्सी., मग नेट किंवा गेट आणि त्यानंतर पीएच.डी. जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००. त्यावर घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षांनी विद्यावेतन आणि साधारण दहा वर्षांनी पूर्ण नोकरी.

कर्जाचा हिशोब

उदाहरण म्हणून वर्षाला ४ लाख, तीन वर्षांत १२ लाख असं कर्ज धरू. व्याजदर १० टक्के. शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं, तेही सरळ व्याज धरू.

- पहिल्या ४ लाखांवर चार वर्षांचं व्याज: १.६० लाख
- दुसऱ्या ४ लाखांवर तीन वर्षांचं: १.२० लाख
- तिसऱ्या ४ लाखांवर दोन वर्षांचं: ८० हजार

म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच कर्ज १५.६० लाख झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे २०,६०० रुपये, एकूण २४.७ लाख. पंधरा वर्षांत फेडायचं तर हप्ता १६,८०० च्या आसपास, पण एकूण रक्कम ३० लाखांच्या वर जाते.

आता ३७,००० च्या विद्यावेतनातून २०,६०० वजा करा. १६,४०० उरतात. पुण्यात किंवा बेंगळुरूत त्यात खोली, मेस आणि प्रवास भागवायचा. काही बँका पुढच्या शिक्षणासाठी हप्ते पुढे ढकलतात, पण तोवर व्याज थांबत नाही.

उसाच्या भाषेत हा हप्ता किती?

२०,६०० चा हप्ता म्हणजे वर्षाला २.४७ लाख. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. त्या दरानं सुमारे ७० टन ऊस फक्त हप्त्याला लागतो, तोही तोडणी-वाहतूक वजा होण्याआधी. उतारा ९.५ टक्के किंवा त्याखाली असेल तर सुमारे ७५ टन.

दुसरी अडचण वेळेची. कायद्यानं बिल १४ दिवसांत मिळायला हवं, पण ते अनेकदा लांबतं. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच येतो.

शेती तारण ठेवून कर्ज मिळतं का?

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साधारण साडेसात लाखांच्या वर तारण मागितलं जातं. सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे वसुली अवघड म्हणून अनेक बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घेत नाहीत. घर, एनए प्लॉट किंवा मुदत ठेव मागतात. म्हणजे दहा एकर असूनही कर्ज अडू शकतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही. पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरतीच आहे आणि प्रवेश गुणवत्तेवर झालेला हवा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. कॉलेज या यादीत आहे का, हे प्रवेशाआधीच पोर्टलवर पाहा.

परदेशातून पदवी केली तर?

अमेरिकेचं शिक्षण खातं 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाच्या संकेतस्थळावर पदवीनुसार कमाई आणि कर्जाचे आकडे देतं. एजंट ते दाखवत असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे आकडे तिथली सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे असतात, ती मदत आपल्या मुलांना मिळत नाही. शिवाय पुढे शिकत असलेली मुलं कमाईच्या आकड्यात धरली जात नाहीत. न्यूरोसायन्सची बरीच मुलं पुढे मेडिकल किंवा पीएच.डी.ला जात असल्यानं चित्र अर्धवटच दिसतं.

मग मेंदूचाच अभ्यास करायचा असेल तर?

स्वस्त रस्ता आहे. सोलापूर, बार्शी किंवा पंढरपूरच्या अनुदानित कॉलेजातून झूऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी किंवा मानसशास्त्राची पदवी घ्या. खर्च लाखांत नाही, हजारांत जातो. त्यानंतर प्रवेश परीक्षांच्या जोरावर मोठ्या संस्थांकडे वळता येतं: मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूच्या निम्हान्स आणि आयआयएस्सी, मुंबईची टीआयएफआर. यातल्या कुठेही पदवीवर 'न्यूरोसायन्स' लिहिलेलं असण्याची सक्ती नाही. बारावीनंतर लगेच जायचं तर आयसरची आयएटी परीक्षा देता येते, पुण्याच्या आयसरमध्ये मेंदूवर संशोधन चालतं.

चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली तर यूजीसीच्या नियमानुसार थेट पीएच.डी.साठीही अर्ज करता येतो.

सही करण्याआधी काय विचारायचं?

- मागच्या तीन बॅचमधली किती मुलं आज नोकरीत आहेत, किती पुढे शिकताहेत? यादी लेखी मागा.
- प्रयोगशाळा कॉलेजची स्वतःची आहे का?
- वसतिगृह, परीक्षा आणि दरवर्षीची फीवाढ धरून एकूण खर्च किती?
- पीएच.डी. नाही झाली तर या पदवीवर हप्ता निघेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल आणि तारण म्हणून घर ठेवावं लागत असेल, तर पदवी साध्या कॉलेजातून करून कर्जाचा विचार एम.एस्सी.च्या वेळी केलेला बरा. तोवर विषय खरंच आवडतो का, हेही कळलेलं असतं.