साहिबाबादचे सिरॅमिक आणि स्तनातील प्रतिध्वनी

दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबाद जिल्ह्यात, साहिबाबाद येथे, १९७४ साली सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. सौर घटांमुळे तिचे नाव अधिक परिचित आहे. परंतु तिथे पीझोविद्युत सिरॅमिकही तयार होते. दाब दिला की वीज निर्माण करणारा आणि वीज दिली की कंप पावणारा हा पदार्थ. सोनोग्राफीच्या प्रोबमध्येही याच गुणधर्माचा पदार्थ असतो.

हा गुणधर्म क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ वापरून पाण्याखालील पाणबुडीचा माग काढण्याचे प्रयोग केले. वैद्यकातील त्याचा प्रवेश मात्र आडवाटेने झाला. जॉन वाइल्ड या इंग्रज शल्यचिकित्सकाला आतड्याच्या भिंतीची जाडी मोजायची होती. अमेरिकेत मिनेसोटा येथे त्याला वैमानिकांना रडार शिकवण्याचे एक यंत्र मिळाले. पाण्याच्या हौदातील छोट्या नकाशावर ध्वनिलहरी सोडून ते रडारचा आभास निर्माण करी. अभियंता जॉन रीडच्या साथीने वाइल्डने त्याच तंत्राने स्तनातील गाठी तपासल्या आणि १९५२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ प्रतिध्वनीवरून ओळखता येईल, हा त्याचा दावा होता.

दावा काळाच्या फारच पुढे होता. पुढील कित्येक दशके स्तनाच्या सोनोग्राफीला प्रामुख्याने एकच प्रश्न विचारला गेला: गाठ द्रवाने भरलेली आहे की घन? याचे उत्तर ती उत्तम देते, कारण स्वच्छ द्रवातून प्रतिध्वनी उमटत नाही आणि ती जागा पडद्यावर काळी दिसते. १९९५ मध्ये थॉमस स्टाव्रोस आणि सहकाऱ्यांनी ७५० घन गाठींचा अभ्यास मांडला, तेव्हा वाइल्डचा जुना प्रश्न सन्मानाने परतला. कडा काटेरी आहेत का, गाठ रुंदीपेक्षा उंच आहे का, अशा खुणांवरून धोक्याचा अंदाज बांधता येऊ लागला. तरीही तो अंदाजच. निदान बायोप्सीच करते, आणि तिची सुई नेमक्या जागी नेण्यास सोनोग्राफीच मदत करते.

या लहरींत किरणोत्सर्ग नसतो, म्हणून ‘मॅमोग्राफीऐवजी सोनोग्राफी’ असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो चुकीचा आहे. कॅल्शियमचे अतिसूक्ष्म कण, जे काही कर्करोगांची पहिली खूण असतात, मॅमोग्राफीत अधिक विश्वासाने दिसतात. उलट, दाट ऊतींच्या स्तनात मॅमोग्राफी गाठ झाकून टाकते. चाळिशीतील सुमारे ७३,००० जपानी स्त्रियांच्या चाचणीत (२०१६) मॅमोग्राफीला सोनोग्राफीची जोड दिल्यावर संवेदनशीलता ७७ वरून ९१ टक्क्यांवर गेली. किंमतही मोजावी लागली: कर्करोग नसलेल्या दर १०० स्त्रियांमागे पुढील तपासणीस बोलावल्या जाणाऱ्यांची संख्या सुमारे ९ वरून १२ झाली. पुन्हा बोलावणे म्हणजे कर्करोग नव्हे, हे त्या आकड्यांतूनच दिसते.

गाझियाबाद असो वा पुणे, केंद्राच्या भिंतीवरील गर्भलिंगनिदानबंदीचा फलक स्तनाच्या तपासणीसाठी आलेल्या स्त्रीला बुचकळ्यात टाकू शकतो. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि देशाने १९९४ मध्ये केलेल्या कायद्याचा तो परिणाम. तिच्या तपासणीशी त्याचा संबंध नाही. तिने विचारायचे ते वेगळे: हाताला लागणारी गाठ पडद्यावर सापडली का? सापडली नसेल, तर स्वच्छ अहवालानंतरही त्या गाठीसाठी डॉक्टरांकडे पुन्हा जावे लागते.